बिनजिनचा ग्लास

दर रविवारी संध्याकाळी मी एका मित्राकडे जातो. तो दोन उंच ग्लास बर्फाने भरतो. स्वतःच्या ग्लासात ६० मिलिलिटर जिन, त्यावर दुप्पट गार टॉनिक, वर लिंबू पिळून फोड आतच टाकतो. माझ्या ग्लासात जिन तेवढी नसते.

टॉनिकचा कडूपणा क्विनाईनचा. ते मिळतं सिंकोनाच्या सालीतून. हिवतापावरचं हे औषध घशाखाली उतरावं म्हणून हिंदुस्थानातले इंग्रज त्यात साखर आणि जिन मिसळत. आजच्या टॉनिकमध्ये ते औषधापुरतं नसतं, चवीपुरतंच असतं.

त्या चवीनं मला अम्मी आठवते. तापात ती कडू गोळी गुळात लपवून द्यायची.

तीस वर्षांत मित्रानं कधी आग्रह केला नाही, मीही कधी उपदेश केला नाही. ग्लास मात्र तो आधी माझा भरतो.