कारण सांगा, सबब नको
(वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंग्रजीचा प्राध्यापक नाही, त्यामुळे व्याकरणाचे मोठाले शब्द माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. पण माझ्या कामात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न येतो: हे असं का झालं? प्रोग्राम का बंद पडला, काम का लांबलं, हीच पद्धत का निवडली? उत्तर इंग्रजीत द्यावं लागतं. आपली मुलं, मराठी माध्यमाची असोत की उर्दू माध्यमाची, नेमकी इथे अडखळतात. कारण त्यांना पक्कं माहीत असतं, पण 'बिकॉज' म्हटल्यावर वाक्य पुढे कसं न्यायचं ते सुचत नाही. समोरच्याला वाटतं, याला विषयच कळलेला नाही. मुलाखतीत असं झालं की हुशार मुलगी, हुशार मुलगा मागे राहतो. म्हणून आज फक्त 'का'च्या उत्तराबद्दल बोलू या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ही अडचण तुमच्या डोक्याची नाही, भाषांच्या रचनेची आहे. तुमच्यापैकी अनेकांनी 'अर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूत पाहिली असेल. तुर्की लोकांनाही इंग्रजी शिकताना याच जागी ठेच लागते, कारण त्यांची भाषा आपल्यासारखीच क्रियापद शेवटी ठेवते आणि कारण बहुधा आधी सांगते. आपण म्हणतो, 'पाऊस पडला म्हणून आलो नाही.' तुर्कीत शब्दांचा क्रम जवळपास हाच आहे. आपला 'म्हणून' जिथे बसतो तिथे त्यांचा 'इचिन' बसतो.

आता पहिली ठेच. उर्दूत आपण म्हणतो, 'चूँकि बारिश थी, इसलिए मैं नहीं आया.' सरकारी मराठीत 'ज्याअर्थी' आला की 'त्याअर्थी' येतोच. आपल्याकडे कारणाला एक खुंटी आणि परिणामाला दुसरी. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत बोलतो, 'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम.' इंग्रजीला एकच खुंटी पुरते. एक तर 'बिकॉज' ठेवा, नाहीतर 'सो' ठेवा. 'आय डिड नॉट कम बिकॉज इट वॉज रेनिंग', किंवा 'इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम.' दोन्ही बरोबर.

दुसरी ठेच 'मुळे'ची. 'पावसामुळे' म्हणा की 'पाऊस पडल्यामुळे' म्हणा, आपला 'मुळे' नामालाही चिकटतो आणि क्रियापदाच्या रूपालाही. इंग्रजीने ही दोन कामं दोघांना वाटून दिली आहेत. पुढे फक्त नाम असेल तर 'बिकॉज ऑफ': 'बिकॉज ऑफ द रेन.' पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य असेल तर नुसतं 'बिकॉज': 'बिकॉज इट रेन्ड.' म्हणून 'बिकॉज ऑफ इट वॉज रेनिंग' हे वाक्य मोडतं. बोलण्याआधी मनात एवढंच तपासा: पुढे क्रियापद येणार आहे का? येणार असेल तर 'ऑफ' नको.

तिसरी ठेच 'म्हणून'ची, आणि ही सर्वात फसवी. 'नोकरी मिळाली म्हणून पुण्याला गेलो' आणि 'नोकरी मिळावी म्हणून पुण्याला गेलो' ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात हेतू. फरक फक्त 'मिळाली' आणि 'मिळावी' एवढा. तुर्कीचा 'इचिन'ही ही दोन्ही कामं करतो. इंग्रजीत मात्र रस्ते वेगळे होतात. कारणासाठी 'बिकॉज आय गॉट अ जॉब'. हेतूसाठी 'टू गेट अ जॉब' किंवा 'सो दॅट आय कुड गेट अ जॉब'. नुसता 'सो' म्हणजे परिणाम आणि 'सो दॅट' म्हणजे बहुधा हेतू, हे वहीत लिहून ठेवा.

आणखी एक बारकावा. 'सिन्स' आणि 'ॲज' हेही 'कारण' सांगतात, पण बहुधा ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेलं. 'चूँकि' जसा वाक्याच्या सुरुवातीला येतो, तसे तेही अनेकदा सुरुवातीला येतात. कुणी थेट 'व्हाय?' विचारलं तर उत्तर 'बिकॉज'नेच सुरू होतं, 'सिन्स'ने नाही.

आता शब्दाकडून माणसाकडे येतो. 'सबब' हा अरबी शब्द. तुर्कीत त्याचा 'सेबेप' झाला, अर्थ कारण. उर्दूतही अर्थ कारणच. मराठी निकालपत्रात आणि सरकारी आदेशात 'सबब' म्हणजे 'म्हणून'. पण घरात 'सबबी सांगू नकोस' म्हटलं की तोच शब्द बहाणा होतो. कारण आणि सबब यांत फरक काय? कारण तपासता येतं आणि त्यावर उपाय करता येतो. सबब फक्त आपल्याला वाचवते. मुलाखतीत विचारतात, 'तुमचं एक वर्ष वाया का गेलं?' 'घरी प्रॉब्लेम होता' ही सबब वाटते. 'वडील आजारी होते म्हणून मी दुकान सांभाळलं, त्याच वर्षी संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकलो' हे कारण आहे. इंग्रजीत ही दोन साधी वाक्यं होतात. शरमेचं त्यात काही नाही. कारण, परिणाम, आणि पुढे काय केलं, या क्रमाने सांगा.

काही जण म्हणतात, मग लहानपणापासून इंग्रजीतच शिकायला हवं होतं. आपण वर्ध्यात बसलो आहोत. 1937 साली याच शहरात शिक्षण परिषद भरली आणि मूलभूत शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. त्या योजनेचा पाया होता मातृभाषेतून शिक्षण आणि हाताने केलेलं काम. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे: ज्याला आपल्या भाषेत 'का' नीट सांगता येतं, त्याला इंग्रजीत फक्त जोड बदलायचे असतात. कपाशीची पेरणी का लांबली हे ज्या शेतकऱ्याचा मुलगा मराठीत मुद्देसूद सांगतो, तो सर्व्हर का बंद पडला हेही सांगू शकतो.

आणि 'का' फक्त नोकरीसाठी नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4(1)(घ) सांगतं की सरकारी कार्यालयाने आपल्या निर्णयांची कारणं बाधित व्यक्तीला द्यावीत. त्याच कायद्याचं कलम 6(2) सांगतं की माहिती मागणाऱ्या नागरिकाने कारण देण्याची गरज नाही. नीट बघा, कारण सांगण्याची जबाबदारी कुणावर टाकली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज फेटाळला, दाखला अडला, तर कारण लेखी मागा. तो अर्ज मराठीतही चालतो. इंग्रजी येईपर्यंत थांबू नका.

घरी गेल्यावर एवढं करा. रोज तीन 'का' स्वतःला विचारा: बस का चुकली, गणित का चुकलं, अम्मी का रागावली. उत्तर आधी मराठीत किंवा उर्दूत लिहा, मग इंग्रजीत. प्रत्येक वाक्यात खुंटी एकच आहे ना, 'बिकॉज'पुढे क्रियापद आहे ना, हे तपासा. दोघी-तिघांनी मिळून केलं तर आणखी चांगलं, कारण एकमेकांच्या चुका लवकर दिसतात. महिनाभर करून बघा.

आता तुमचे प्रश्न विचारा. 'का'ने सुरू होणारे आधी घेऊ.