मानेतील शीर आणि हृदयाचे ठोके : परिचारिकेच्या तपासणीचे मोल

हृदयविकार म्हटला की मोठी रुग्णालये, महागडी यंत्रे आणि तज्ज्ञ डॉक्टर यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या साधनांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु ग्रामीण भागात तेथवर पोहोचण्यापूर्वी रुग्णाची गाठ बहुधा परिचारिकेशी पडते. तिचे डोळे, तिची बोटे आणि तिचा स्टेथॉस्कोप यांनी होणारी तपासणी हीच पहिली तपासणी होय.

समजा, एक वृद्ध शेतकरी पायांवर सूज आणि चालताना दम लागणे अशा तक्रारी घेऊन आला. घरची माणसे वयाला दोष देतात. जाणती परिचारिका मात्र त्याची मान पाहते. मानेच्या उजव्या बाजूची आतली शीर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याकडे सरळ उतरते. त्यामुळे त्या कप्प्यातील दाब वाढला की शिरेतील रक्ताची पातळीही चढते. रुग्णाला सुमारे ४५ अंशांत टेकवून बसवावे, त्याची मान किंचित डावीकडे वळवावी आणि उजेड तिरपा पडू द्यावा. छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागी जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्यापासून ही पातळी ३ सेंटिमीटरहून अधिक उंच दिसली, तर डॉक्टरांना त्वरित कळविणे अगत्याचे असते. शिरेचे स्पंदन डोळ्यांना दिसते, पण बोटांना सहसा लागत नाही. धमनीचे स्पंदन बोटांना स्पष्ट जाणवते.

मानेतील धमनी मेंदूला रक्त पुरविते. म्हणून ती एका वेळी एकाच बाजूची आणि हलक्या बोटांनी तपासावी. दोन्ही बाजू एकदम दाबल्यास मेंदूचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका असतो. रुग्णाला क्षणभर श्वास रोखावयास सांगून स्टेथॉस्कोप लावला असता फूत्कारासारखा आवाज आला, तर धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी.

प्रौढांमध्ये हृदयाच्या टोकाचा ठोका डाव्या बाजूस, पाचव्या व सहाव्या बरगड्यांमधील जागेत लागतो. हृदय मोठे झाले की तो बाहेर आणि खाली सरकतो. ठोके अनियमित असतील तर ते पूर्ण एक मिनिट मोजावे. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने मनगटाची नाडी मोजावी. हृदयाचे ठोके अधिक आणि नाडी कमी भरली, तर काही ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, असे समजावे. डिगॉक्सिन हे औषध देण्यापूर्वीही ठोके असेच मोजतात. प्रौढ रुग्णाचे ठोके ६० पेक्षा कमी असल्यास ते न देता डॉक्टरांना विचारणे हा परिचर्येतील नेम आहे.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. घसा दुखून ताप आलेल्या मुलाला काही आठवड्यांनी सांधेदुखी सुरू झाली, तर तो संधिवाती ताप असू शकतो. हा विकार मुख्यत्वे ५ ते १५ वर्षे वयोगटात आढळतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या हृदयविकाराचा समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येते तेव्हा मुलांच्या छातीवर स्टेथॉस्कोप ठेवण्यासाठी कोलाहलापासून दूर असलेली एक खोली मिळणे, ही लहान बाब नव्हे.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या वैद्याला एका तरुणीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटले नाही. त्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथॉस्कोप जन्मास आला. त्या संकोचाचा प्रश्न आजही संपलेला नाही. पडद्याअभावी लुगड्यावरूनच छाती तपासली गेली, तर गरोदर स्त्रीच्या अरुंद झडपेचा मंद आवाज निसटू शकतो, आणि प्रसूतीच्या वेळी तोच तिच्या जिवावर बेतू शकतो.

एक पडदा, पाठीकडून उचलता येणारी खाट, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि थोडी शांतता, एवढ्यावर ही तपासणी होते. परिचारिकेजवळ कौशल्य आहे. त्याला ही जोड मिळवून देण्यात ग्रामपंचायतींनी पुढाकार घेतल्यास कित्येक रुग्ण वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचतील.