शब्द मागाहून आला, कलमे आधीच होती



नाक्यावर, चाळीच्या ओट्यावर एक वाद कानी येतो. म्हणतात, 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घटनेच्या प्रस्तावनेत 1976 साली 42 व्या दुरुस्तीने घातला. तेव्हा सरकारने धर्मापासून अलग राहावे याला मूळ घटनेत आधारच नाही!

शब्द मागाहून आला हे खरे. अहो, 15 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी तो पहिल्याच कलमात घालायची दुरुस्ती मांडली होती, तीही फेटाळली गेली. पण दारावर पाटी नाही म्हणून आत खाते चालत नाही असे होते काय?

आम्ही चौथी शिकलेली माणसे, घटना बोट ठेवून वाचतो. कलम 27 बघा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारावर पैसा खर्चण्यासाठी कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. काडेपेटीपासून लुगड्यापर्यंत आपण कर भरतो, तेव्हा हे कलम आपल्या खिशाचे आहे. कलम 28 म्हणते, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. ही दोन्ही 1950 पासूनची.

दुसरे काही म्हणतात, मग अमेरिकेसारखी सरळ भिंतच घाला, सरकारने धर्मात मुळीच हात घालू नये. हे आम्हाला पटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साच्याच्या खात्यात दलित भावांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा बाटला म्हणत. साच्यावर मजुरी जास्त, म्हणजे विटाळ थेट पोटावर आला की नाही? असल्या वेळी सरकारने भिंतीपलीकडे हात बांधून उभे राहायचे? म्हणून कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि हिंदूंची सार्वजनिक देवळे हिंदूंच्या सर्व थरांना खुली करणारा कायदा करायची वाट कलम 25 ने ठेवली.

आता घटना अगदी सोवळी आहे असे नाही. कलम 290क प्रमाणे केरळच्या तिजोरीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरसाल 46 लाख 50 हजार रुपये द्यायचे आहेत. जुन्या संस्थानच्या विलीनीकरणातले ते देणे. आम्हाला ते खटकते. पण लपवायचे कशाला?

1994 साली बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे हा प्रश्न आला, आणि धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूळ गाभ्यातली आहे असा निर्वाळा मिळाला. तो शब्द काढा म्हणून गेलेले अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये फेटाळले. तरी वाद घालणारे पुन्हा येतील. आले की त्यांना ओट्यावर बसवा, चहा पाजा आणि विचारा : बाबा, शब्द राहू दे बाजूला, कलम 27 चे काय करतोस?