जाळे आले, आता नोंदी जोडूया





आपल्या देशात संगणकजाळी आधी संशोधकांच्या दारी आली. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘अर्नेट’ सुरू केले. भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे ‘इन्फ्लिबनेट’ १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली सुरू झाले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र बनले. त्याच केंद्राच्या ‘शोधगंगे’मुळे आज गडचिरोलीतला विद्यार्थी दूरच्या विद्यापीठातला प्रबंध घरी बसून वाचतो. पूर्वी त्यासाठी प्रवास, मुक्काम आणि परवानगीचे पत्र हे सारे ओघाने आलेच.

संशोधकाची सोय झाली, याचा आनंद आहेच. पण सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचकाचे काय? १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. काही ग्रंथालये तर त्याच्याही कितीतरी आधीची: नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. अशा जुन्या संग्रहांतले एखादे नियतकालिक किंवा पुस्तिका इतरत्र मिळेलच असे नाही. ते कुठे आहे हे दुसऱ्या गावातून कळायचे, तर त्याची नोंद शोधता यायला हवी.

आपले घोडे अडते ते इथेच. एका ग्रंथालयात ‘देशपांडे, पु. ल.’ अशी नोंद असते, दुसऱ्यात ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, तिसऱ्यात तेच नाव रोमन लिपीत. वाचकाला हे एकच पु. ल. आहेत हे ठाऊक असते. संगणकाच्या लेखी मात्र ते तीन लेखक असतात. एका नावाने शोधले, की बाकी दोन नोंदींखालची पुस्तके हाती लागत नाहीत. मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणकात यावर उपाय आहे. लेखकाची एक प्रमाण-नोंद करायची, मान्य रूप १०० क्रमांकाच्या क्षेत्रात आणि इतर रूपे ४०० मध्ये नोंदवायची. मग वाचकाने कोणतेही रूप टंकले, तरी तो योग्य लेखकापर्यंत पोचतो.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी आपण घाम गाळून भरलेल्या अनेक याद्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठलेले असतात ते इंग्रजी अक्षरांचे संकेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच यादीचा अर्थहीन गुंता होतो, आणि युनिकोडमध्ये टंकलेला शब्द तिच्यात सापडत नाही. या याद्यांचे रूपांतर तातडीने व्हायला हवे. ते यंत्रावर सोपवता येईल. जोडाक्षरे आणि रफार मात्र माणसानेच तपासले पाहिजेत.

म्हणून ग्रंथपाल आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या या परिषदेपुढे अध्यक्ष या नात्याने मी तीन कामे ठेवतो. प्रत्येक नवी नोंद युनिकोडमध्येच व्हावी. मराठी लेखकांच्या नावांची प्रमाण-यादी आपण मिळून तयार करावी आणि ती सर्वांना विनामूल्य द्यावी. आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या ग्रंथालयांची एक सामाईक तालिका उभारावी. तिची सुरुवात दुर्मिळ ग्रंथ आणि जुन्या नियतकालिकांपासून व्हावी, कारण त्यांचा कागद दिवसेंदिवस ठिसूळ होत आहे.

यासाठी निधी लागेल आणि तो शासनाकडे आपण हक्काने मागू. ड वर्गाच्या ग्रंथालयातला कर्मचारी तुटपुंज्या मानधनावर हे काम करणार आहे, हे ती मागणी करताना विसरून चालणार नाही. त्याला प्रशिक्षण आणि योग्य मोबदला मिळाला, तरच सामाईक तालिका टिकेल. या मागणीचा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात आपण एकमताने संमत करावा, अशी विनंती करून मी थांबतो.