कचरा जळला, पाण्याचं काय?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा उच्च न्यायालयाने खडसावल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून पिथमपूरला गेला आणि जूनअखेर भट्टीत जळून संपला. वायुकांडानंतर तब्बल चाळीस वर्षांनी! काहीच न होण्यापेक्षा हे बरं, असं कुणी म्हणेल. ते खरंही आहे. पण हा गोण्यांत भरता येणारा कचरा होता. जमिनीत मुरलेलं विष तिथेच आहे, आणि भूजल काही कंटेनरात घालून नेता येत नाही. बुऱ्हाणपूरकरांना हे वेगळं सांगायला नको: १६१५ च्या सुमाराचा आपला कुंडी भंडारा हा भुयारी जलमार्ग सातपुड्यात झिरपलेलं पाणीच शहरापर्यंत आणतो. म्हणून आपल्याकडच्या कापड रंगाईचं सांडपाणी नाल्यात सुटण्याआधीच अडवणं स्वस्त. छोट्या कारखानदाराला शुद्धीकरण परवडत नाही ही तक्रार रास्त आहे. तिथे सामाईक संयंत्रासाठी सरकारनेच पैसा घालावा.