ओळ लांब, ओळ आखूड

दिघ्याजवळच्या ठाणे खाडीत पाणी चढतं-उतरतं, तशीच चाल एका कवितेत आहे: सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली ‘सागरा प्राण तळमळला’. शीर्षकाच्याच मात्रा मोजा. सागरा ५, प्राण ३, तळमळला ६, झाल्या १४. कडव्यात साधारण २० मात्रांची लांब ओळ, मागोमाग १४ची आखूड. दोन्हींचं यमक एक. अशा चार जोड्यांनंतर एकाच यमकाच्या तीन ओळी लागोपाठ येतात, ताण वाढतो आणि ध्रुवपद येतं. आधी सागरावर विश्वास, मग फसवणुकीची व्यथा, शेवटी समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्ती ऋषीचं नाव घेऊन दरडावणी. भाव बदलतो, ध्रुवपद बदलत नाही. म्हणूनच तळमळ कडव्यागणिक वाढत जाते.