आजोबा कुठं राहत होते?

परदेशी माणसाला या देशाचं नागरिकत्व हवं असलं, तर शेवटचं सलग १ वर्ष आणि त्याआधीच्या १४ पैकी ११ वर्षं इथं काढल्याचा हिशोब द्यावा लागतो. आणि यवतमाळच्या बेड्यावरच्या पारध्याच्या पोरीला? तिला जातीच्या दाखल्यासाठी सांगायचंय, ६ सप्टेंबर १९५० ला आजोबा कुठं राहत होते! कोतवाल बुकाची नक्कल आणा, शाळेचा दाखल-खारीज आणा. अरे, ज्याला गावाबाहेरही चार रात्री टिकू दिलं नाही, त्याचं नाव कोतवाल कशाला लिहील?

सरकारला त्यांचा पत्ता नको होता असं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींची हजेरी घेतली. पाल हलवलं, सांगा. रात्री बाहेर राहिलात, सांगा. हा कायदा देशातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पुराव्याची तारीख त्याच्याही आधीची!

बरं, राज्य तरी जागेवर होतं? १९५० ला यवतमाळ मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य फिरलं तर पुनर्रचना, पारधी फिरला तर भटका.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ३० दिवसांत अपील करा. लिहिता येणारी पोरं रविवारी बेड्यावर हवीत. कोण येतंय?